जॅकी चॅन शेवटी जिंकतोच, मग तो दुबळा कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

जॅकी चॅनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढी मोठी आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. चार ओळींत तिची बोळवण करणं मला बरं वाटेना, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लेखात मी म्हटलं होतं की पडद्यावरचा जॅकी हा मार खाणाऱ्यांचा नायक आहे. तुमचा पहिला आक्षेप असा की हा माणूस शेवटी दरवेळी जिंकतो, मग तो दुबळा कसला? दुसरा, खरा लढवय्या ब्रूस ली, हा नुसता विदूषक. तिसरा, ज्याने उघडपणे सत्तेची बाजू घेतली त्याला दुबळ्यांच्या पंगतीला बसवणं म्हणजे भाबडेपणा. आणि चौथा, इंदुरात राहून, आपले पैलवान सोडून, मराठीत हाँगकाँगच्या नटाचं कौतुक कशाला? शिवाय तरुणपणी आखाड्यात उतरलेल्या माणसाला ही लुटुपुटूची मारामारी बघवत नाही, असंही तुम्ही लिहिलंत.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण मीही या नटाकडे वळले ती सिनेमाच्या नव्हे, मल्लखांबाच्या वाटेने. रामबागेच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीतल्या बऱ्याच मुलींसारखी मीही दोरीच्या मल्लखांबावर चढले, आणि आता संध्याकाळी लहान मुलांना शिकवते. शिकवणाऱ्याची नजर कुठे असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. मूल वर किती सुंदर आसन करतंय हे बघतोच आपण, पण जीव अडकलेला असतो तो ते खाली कसं येतंय यात. पंजा सुटला का, मान आत घेतली का, गादीवर खांदा आधी टेकला की डोकं. जॅकीचे सिनेमे मी याच नजरेने बघते. म्हणून म्हणते, ती मारामारी ठरवून केलेली असते हे शंभर टक्के खरं, पण ते पडणं लुटुपुटूचं नसतं.

आता जिंकण्याबद्दल.

‘द यंग मास्टर’ हा 1980 चा सिनेमा घ्या. शेवटी टेकडीवर जॅकीची गाठ ह्वांग इन-शिक या हापकिडो नावाच्या कोरियन युद्धकलेत मुरलेल्या नटाशी पडते. ती लढत बराच वेळ चालते, आणि त्यातला मोठा भाग जॅकी मार खातो. हात पिरगळला जातो, तो आपटतो, उठतो, पुन्हा आपटतो. त्याच्याकडे कुठलाही गुप्त डाव नाही. समोरचा आपल्यापेक्षा कसबी आहे हे त्याला कळलंय आणि आपल्यालाही. जिंकतो तो केवळ उठत राहण्याच्या जोरावर आणि शेवटी बेभान होऊन. बरं, जिंकल्यावर काय दिसतं? गळ्यात हार नाही, गुरूचा आशीर्वाद नाही. नखशिखांत बँडेजमध्ये गुंडाळलेला नायक कॅमेऱ्याकडे बघून कशीबशी बोटं हलवतो आणि सिनेमा संपतो.

माझा मुद्दा सगळा इथेच आहे, काका. दुबळेपण हे निकालावरून ठरत नाही. निकाल काय, निर्माते ठरवतात. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाला नायक हरलेला चालत नाही. दुबळेपण ठरतं ते जिंकण्याची किंमत पडद्यावर दाखवली जाते की लपवली जाते, यावरून. आपल्याकडच्या बहुतेक मारधाडपटांत नायकाच्या एका ठोशासरशी दहाजण उडतात आणि त्याच्या शर्टाची इस्त्रीही मोडत नाही. जॅकीने ठोसा मारला की पुढच्या क्षणी तो स्वतःचाच हात झटकतो, कारण समोरच्याच्या जबड्यावर मूठ आपटली की मूठही दुखते. एवढी साधी गोष्ट, पण ती दाखवायची असं फार थोड्यांना वाटलं.

आमच्या वर्गातली एक चिमुरडी मला आठवते. विश्रांतीच्या वेळी मुलं मोबाइलवर 1985 च्या ‘पोलीस स्टोरी’तला शेवटचा प्रसंग बघत होती. मॉलच्या मधोमध उंच खांब, त्याला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा; जॅकी वरच्या मजल्यावरून त्या खांबावर झेप घेतो, घसरत खाली येतो, वाटेत दिवे फुटताहेत, ठिणग्या उडताहेत, आणि खालच्या काचेच्या छतातून आरपार होऊन तो जमिनीवर पडतो. बाकीची मुलं ओरडली. ही मात्र गप्प होती. मग तिने स्वतःचे तळहात उघडून बघितले, दोरीने लाल झालेले, आणि विचारलं, “ताई, त्याचे हात भाजले असतील ना?” भाजले होते. खरोखर भाजले होते. त्या मुलीला कथा माहीत नव्हती, भाषा कळत नव्हती, तो पोलीस आहे की चोर हेही तिने विचारलं नाही. तिला तळहात कळले.

हे आपोआप होत नाही, त्यामागे कसब आहे, आणि लेखात मी त्यावर पुरेशा विस्ताराने लिहिलंच होतं. इथे एवढंच सांगते की जॅकी कॅमेरा लांब ठेवतो, म्हणजे मारणारा आणि मार खाणारा दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. मोठं पडणं असलं की तेच पडणं दुसऱ्या कोनातून पुन्हा दाखवतो. तो खांबही तसाच पुन्हा पुन्हा दाखवलाय. ‘प्रोजेक्ट ए’ या 1983 च्या सिनेमात तो घड्याळाच्या मनोऱ्यावर काट्याला लोंबकळतो आणि दुकानांपुढची कापडी छपरं फाडत खाली येतो. तिथेही पडणं दोनदा दिसतं. हॅरल्ड लॉइडच्या 1923 मधल्या ‘सेफ्टी लास्ट’ या मूकपटाची ती आठवण आहे, फरक इतकाच की लॉइड पडत नाही आणि जॅकी पडतो. हात सुटण्याआधी त्याच्या चेहऱ्यावर जी भीती आहे, ती मी वर लटकलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर रोज बघते. तिचा अभिनय करता येत नाही.

आणि सिनेमा संपल्यावर नावं सरकत असताना तो फसलेले प्रयत्न दाखवतो. ही कल्पना त्याने 1981 च्या ‘द कॅननबॉल रन’ या अमेरिकी सिनेमात काम करताना उचलली. तिथे ती गंमत होती. जॅकीकडे आल्यावर तिच्यात रक्त आलं, स्ट्रेचर आलं, धावत येणारी माणसं आली. ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, भिंतीवरून झाडावर उडी मारताना फांदी तुटली आणि तो डोक्यावर आपटला. कवटी फुटली. त्या अपघातापासून त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. हे सगळं नायकाची ‘इमेज’ जपणाऱ्या माणसाने कापून टाकलं असतं. त्याने ते प्रेक्षकापुढे ठेवलं.

ब्रूस लीबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. तो वीज होता. पण तुम्ही या दोघांना समोरासमोर उभं करता, तेव्हा एक गोष्ट विसरता. 1972 च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’च्या शेवटी ब्रूस लीच्या लाथेने खलनायक उडून बाहेर फेकला जातो, तो उडणारा माणूस जॅकी चॅन आहे. खलनायकाच्या जागी पडायला आणलेला पोऱ्या. 1973 च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्येही ब्रूस ली ज्यांना झोडपतो त्या गर्दीत तो आहे. म्हणजे ब्रूस लीची ती लाथ आपल्याला एवढी जबरदस्त वाटते, त्यात पडणाऱ्याचा वाटा आहे. कुस्तीत चितपट झालेल्याचं नाव कुणी विचारत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! जॅकीची जडणघडण झाली ती या बेनाम माणसांत. वयाच्या सातव्या वर्षी आईवडिलांनी त्याला यू जिम-युएन यांच्या चिनी ऑपेराच्या शाळेत दहा वर्षांच्या करारावर ठेवलं आणि दोघं पोटापाण्यासाठी ऑस्ट्रेलियाला गेली. तिथे गाणं, कसरत, मारामारी सगळं शिकवलं जाई, आणि छडी रोजची. मुलं तयार होऊन बाहेर पडेतो ऑपेराला प्रेक्षकच उरला नव्हता. मग ती सिनेमात पडायला लागली. मध्यंतरी काम मिळेना तेव्हा तो आईवडिलांकडे कॅनबेराला गेला, बांधकामावर राबला. ‘जॅकी’ हे नावही त्याला तिथेच चिकटलं.

20 जुलै 1973 ला ब्रूस ली गेला आणि हाँगकाँगमध्ये ‘नवा ब्रूस ली’ शोधण्याची झुंबड उडाली. दिग्दर्शक लो वेई यांनी जॅकीला त्या साच्यात कोंबायचा प्रयत्न केला. 1976 चा ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’ हा त्यातलाच. कपाळाला आठ्या, सूडाने पेटलेला तरुण. सिनेमे एकामागून एक पडले. 1978 मध्ये लो वेईंनी त्याला दुसऱ्या कंपनीला उसना दिल्यावर युएन वू-पिंग यांच्या ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’मध्ये तो जो उभा राहिला, तो कुंगफूच्या शाळेत फरशा पुसणारा अनाथ पोरगा. शाळेतले शिक्षक त्याला डाव दाखवण्यासाठी बडवतात. म्हणजे त्याच्या आयुष्यातलं कामच त्याला भूमिका म्हणून मिळालं! त्याच वर्षी ‘ड्रंकन मास्टर’मध्ये त्याने वाँग फेइ-हुंग साकारला. हा चिनी लोकांचा खराखुरा वीरपुरुष. क्वान तक-हिंग या नटाने कितीतरी सिनेमांत त्याला धीरगंभीर गुरू म्हणून उभं केलेलं. जॅकीने त्याला व्रात्य, पळपुटा, शिक्षेने रडवेला झालेला पोरगा केलं. तुम्ही याला विदूषकी म्हणता. मला त्यात धाडस दिसतं. लोकांनी देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसालाही आधी अंगमेहनत करावी लागली, त्यालाही ती नकोशी वाटली, हे सांगायला छाती लागते.

हॉलिवूडला तर हे कळायला बरीच वर्षं लागली. 1985 च्या ‘द प्रोटेक्टर’मध्ये त्याला पिस्तूलवाला रांगडा पोलीस बनवलं. त्या अनुभवाने वैतागून त्याने परत येऊन स्वतः ‘पोलीस स्टोरी’ दिग्दर्शित केला. एकाच वर्षातले हे दोन सिनेमे लागोपाठ बघितले की मला काय म्हणायचंय ते माझ्या लेखापेक्षा लवकर कळेल.

इंदूर आणि मराठी, याचं उत्तर थोडक्यात देते. आपल्या पैलवानांवर लिहायलाच हवं, आणि तुमच्याकडे जुन्या आखाड्यांच्या आठवणी असतील तर त्या मी या ब्लॉगवर मनापासून छापेन. पण मराठीत कशावर लिहायचं याला कुंपण घालू नका. या गावात आपण पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी-माळवी बोलत आलो. जॅकी चॅन आम्हाला भेटला तोही टीव्हीवर, हिंदी बोलत. माझ्या पिढीच्या मुलांनी त्याच्यावर गच्चीत, जिन्यात, शाळेच्या पटांगणात बोलणं केलं ते मराठीतच.

राहता राहिला तुमचा सगळ्यात टोकदार आक्षेप, आणि तो मी टाळणार नाही. एप्रिल 2009 मध्ये चीनमधल्या बोआओ परिषदेत जॅकी म्हणाला होता की फार स्वातंत्र्य चांगलं की नाही याची आपल्याला खात्री नाही, चिनी लोकांवर नियंत्रण हवं असं वाटू लागलंय. हाँगकाँग आणि तैवानमध्ये त्यावर संताप उसळला. 2013 पासून तो चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेचा सदस्यही होता. हे सगळं खरं आहे आणि मला ते आवडत नाही. ज्या गावाच्या मोकळ्या हवेत त्याचे सिनेमे घडले, त्या गावाच्या लोकांना ते किती लागलं असेल हे मी समजू शकते. त्याची भलामण करणारी एक ओळही मी लिहिणार नाही.

पण ते विधान करणाऱ्या माणसाने आधी केलेलं काम मी त्याला परत का घेऊ देऊ? फरशी पुसणारा तो अनाथ पोरगा आता जॅकीच्या एकट्याच्या मालकीचा राहिलेला नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच्या पडद्यावरच्या नायकाला उतरती कळा लागली ती वयामुळे नव्हे. वय वाढलं तेव्हा त्याने पडणं कमी केलं, ते योग्यच होतं; 1995 च्या ‘रंबल इन द ब्रॉन्क्स’मध्ये घोटा मोडल्यावर प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून त्याने शूटिंग पुरं केलं होतं, तसं माणसाने जन्मभर करत राहू नये. नायक खालावला तो मान्यवर झाला तेव्हा. 2017 च्या ‘कुंग फू योगा’मध्ये तो पुरातत्त्वाचा थोर प्राध्यापक आहे. सगळे त्याला आदराने वागवतात, त्याला कुणाची भीती नाही, कुणाचं देणं नाही. सोनू सूद समोर असूनही कुठे जीव टांगणीला लागत नाही. तुमचा राग त्या जॅकीवर असेल तर मी तुमच्या बाजूने उभी आहे.

तुम्ही ‘द यंग मास्टर’ बघितलेला नसावा असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटलं. जमलं तर फक्त टेकडीवरची शेवटची लढत बघा. डाव बघू नका, ते तुम्हाला किरकोळच वाटतील. खाली पडल्यावर तो उठताना आधी कुठला हात टेकतो आणि कितव्या पडण्यापासून तो हात बदलतो, एवढंच बघा, आणि आखाड्यातल्या माणसाला ते खोटं वाटतं का, हे मला इथेच लिहून कळवा.