तहानलेले ठेवून लेकरू बोलते होत नाही

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना बोलते करण्याचे उपाय सांगणारा एक संदेश सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये फिरत आहे. परभणीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने तो वाचून आपल्या स्वमग्न मुलाची, हवे ते चित्र दाखवून मागण्यासाठीची चित्रकार्डे कपाटात टाकली आणि मला फोनवर सांगितले, "कार्डानं लेकरू आळशी होतंय म्हणे, दादा." म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेशातला सर्वांत घातक सल्ला असा, की चित्रकार्डे व टॅबवरील बोलके ॲप (चित्राला बोट लावले की शब्द उच्चारणारे) बंद करा आणि 'पाणी' हा शब्द तोंडातून निघेपर्यंत मुलाला पाणी देऊच नका. कार्डे होती तोवर माझा भाचा पेल्याचे चित्र आईच्या तळहातावर ठेवून तिच्या ओठांकडे पाहत असे आणि ती 'पाणी' म्हणाली की 'पा' असा आवाज काढत असे. कार्डे गेल्यावर तो माठाजवळच्या भिंतीवर कपाळ आपटू लागला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लेकराला तहानलेले ठेवणे हा छळ आहे, उपचार नव्हे. स्वमग्न मुलाचा शब्द अडतो तो गरज भासत नाही म्हणून नव्हे, तर समोरच्याशी लक्ष जुळवणे, अनुकरण करणे आणि काहींना जीभ-ओठांच्या हालचाली जुळवणेही जड जाते म्हणून.

आळसाच्या आरोपाला संशोधक कॉनी कसारी व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकेतील अभ्यास उत्तर देतो. त्यात ५ ते ८ वर्षांची, जेमतेम बोलणारी ६१ स्वमग्न मुले होती. खेळातून संवाद शिकवताना ज्यांना सुरुवातीपासून बोलके उपकरण दिले, त्यांचे स्वतःहून संवाद साधणे इतरांपेक्षा अधिक वाढले. 'पाच वर्षांनंतर काही उपयोग नाही' हे संदेशातले विधानही इथेच कोलमडते. कार्ड मुलाच्या हाताला येईल असे ठेवावे, त्याने ते दिले की शब्द स्पष्ट उच्चारून लगेच पाणी द्यावे. पेला अडवून धरू नये.

बाकीच्या मुद्द्यांत फारसा दम नाही. लसीमुळे स्वमग्नता येते, असे सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्येच मागे घेतला. वेखंड जिभेवर घासून मेंदूच्या विकासातली अडचण दूर होत नाही. घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, हा सल्ला तर मुलाशी दिवसभर बोलणाऱ्या आजीलाच गप्प करणारा आहे.

तासन्‌तास मोबाइलवर कार्टून लावून दिल्याने मुलाशी होणारे बोलणे कमी होते, एवढे मात्र मान्य करावे लागेल. पण कार्टून आणि संवादाचे ॲप यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी आणि वाचा-उपचारतज्ज्ञाला विचारल्याखेरीज मुलाची कार्डे काढून घेऊ नयेत.