आधीचा डग कुठे गेला?

‘देजा व्हू’ या सिनेमाबद्दलचं एक मत इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते पाठ झालंय. सिनेमा झकास, पण शेवटी गंडला. नायक डग भूतकाळात जाऊन आल्याच्या खुणा मेलेल्या क्लेअरच्या घरात आधीपासूनच आहेत, म्हणजे तिला वाचवायला तो गेला होता. तरी ती मेली. मग शेवटी वाचते कशी? आणि काळात मागे नेणारं यंत्र हाताशी असताना न्यू ऑर्लीन्स उद्ध्वस्त करणाऱ्या कत्रिना चक्रीवादळाचा अनर्थ का नाही थांबवला? वर तिसरी तक्रार अशी की शेवटी क्लेअरला भेटणारा डग हा आपला डगच नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोनी स्कॉट दिग्दर्शक, साल 2006, त्यामुळे शेवट फोडला म्हणून कुणी रागावू नये. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात मार्डी ग्रा या सणाच्या दिवशी माणसांनी भरलेली फेरीबोट उडवली जाते, 543 माणसं मरतात. स्फोटकांचे गुन्हे तपासणाऱ्या एटीएफ या खात्याचा डग कार्लिन (डेन्झेल वॉशिंग्टन) तपासाला येतो. नदीकाठी क्लेअर नावाच्या मुलीचं प्रेत मिळतं. स्फोटात गेलेली वाटावी अशी तिची अवस्था, पण ते प्रेत सापडलंय स्फोटाच्या आधी. तिचा खुनी सापडला की बोट उडवणाराही सापडेल, हा डगचा हिशेब. एफबीआयच्या एका पथकाकडे साधारण सव्वाचार दिवस मागचं दाखवणारी खिडकी आहे. शेवटी डग त्यातून स्वतःच मागे जातो.

आता पहिला आक्षेप, कारण खरा जीव त्यातच आहे. खुणा आहेत हे कबूल. क्लेअरच्या घरात रक्ताने भिजलेल्या पट्ट्या, डगच्या बोटांचे ठसे, फ्रिजवर लहान मुलांच्या रंगीत चुंबकी अक्षरांत ‘तू तिला वाचवू शकतोस’ असा निरोप. डगच्या ऑफिसात तिच्या फोनची नोंद. पुढे भूतकाळात गेल्यावर डग जखमी होऊन त्याच घरात येतो, त्याच पट्ट्या तिथे पडतात, आणि हा माणूस खरंच एटीएफचा आहे का हे तपासायला ती तोच फोन करते. म्हणजे आधी कुणीतरी डग येऊन गेला होता आणि हरला होता.

लोक इथे थांबतात आणि ‘घोळ’ म्हणतात. मला वाटतं सिनेमातली सगळ्यात हुशार गोष्ट इथेच आहे. नेहमीचा पोलीस गुन्हेगाराच्या खुणा वाचतो, हा स्वतःच्याच फसलेल्या प्रयत्नाच्या खुणा वाचतोय. पट्ट्या तशाच, फोन तोच, म्हणजे आपण मागच्याच वाटेने चाललोय, हे लक्षात आल्यावर तो तिला घरी न ठेवता सोबत घेऊन बोटीवर निघतो. फरक इथे पडतो. गोष्ट फिरते ती इथून.

‘पण काळ एकच असतो, झालं ते झालं’ असं म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही, हेही सांगतो. मधला मिनुटीचा प्रसंग त्यांच्याच बाजूचा आहे. डग स्वतःला सावध करायला मागच्या काळात एक चिठ्ठी पाठवतो, ती सापडते त्याच्या सहकाऱ्याला, मिनुटीला. तो गुन्हेगाराच्या मागावर जातो आणि मारला जातो. वाचवायला पाठवलेली चिठ्ठीच त्याच्या जिवावर उठते. तोवरचा सिनेमा बंद वर्तुळासारखा वाटतो, आणि प्रेक्षक तोच नियम शेवटालाही लावतात. पण नियम तो नाहीच. सिनेमातले शास्त्रज्ञ काळाला नदीची उपमा देतात: खडा टाकला तर तरंग उठून विरतात, पुरेसा मोठा धक्का बसला तर प्रवाहाला नवा फाटा फुटतो. चिठ्ठी हा खडा. अख्खा माणूस हा धक्का.

ही उपमा न्यू ऑर्लीन्सला किती चपखल बसते बघा. शहराला लागून वाहणाऱ्या मिसिसिपी नदीला खरोखरच पात्र सोडायचं होतं. न्यू ऑर्लीन्सच्या वरच्या अंगाला, बॅटन रूज या शहराच्याही वर, अचाफलाया नावाचा फाटा तिचं पाणी ओढून घेत होता, समुद्राकडे जायला तोच जवळचा उतार. तसं झालं असतं तर न्यू ऑर्लीन्ससमोर मुख्य प्रवाह उरला नसता. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी ‘ओल्ड रिव्हर’ इथे दारं बांधून 1963 साली ते रोखलं. तेव्हापासून साधारण 30 टक्के पाणी फाट्याला आणि बाकीचं मूळ पात्राला, असा सरकारी वाटा ठरलेला. 1973च्या पुरात त्या दारांचा पायाच खरवडला गेला होता. थोडक्यात वाचले.

आणि फाटा फुटलेला इतिहास आपल्याला नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना गोळी न लागलेल्या जगात जाऊन आलेले पंत परत येतात तेव्हा खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं. दुसऱ्या जगातला पुरावा या जगात. त्या पानावर कुणी ‘घोळ’ म्हणून बोट ठेवत नाही. क्लेअरच्या घरातल्या रक्ताळलेल्या पट्ट्यांवरच मग एवढा राग का?

खोट काढायचीच असेल तर दुसरी काढा. पहिल्यांदा जो डग गेला त्याला फ्रिजवर निरोप मिळाला नसणार, मग त्याला जायची बुद्धी झाली कशावरून? आणि आधीच्या फेरीत डगने खुन्याच्या तावडीतून सोडवून घरी आणलेली क्लेअर, तिचं प्रेत स्फोटाच्या आधी काठाला लागतं कसं? मधल्या वेळात काय झालं हे सिनेमा सांगत नाही. मी दोन-तीनदा घड्याळ लावून बसलो, हिशेब ओढून-ताणूनच बसतो.

कत्रिनाचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. खिडकी सव्वाचार दिवसांपलीकडे जात नाही आणि ती आजच्या पावलाला पाऊल लावून पुढे सरकते. कत्रिना ऑगस्ट 2005चं, ही गोष्ट त्यानंतरच्या मार्डी ग्राची. मागे-पुढे करायची सोयही नाही, एकदा निसटलेला क्षण पुन्हा दिसत नाही. म्हणून तर तो पाठलाग: डग चालत्या गाडीत, एका डोळ्याला यंत्र, त्यात चार दिवसांपूर्वीची रात्र, दुसऱ्या डोळ्यासमोर दिवसाढवळ्याची रहदारी, आणि हा दोन्हीकडे एकदम बघत गाडी हाणतोय. गाड्या आपटतात त्या आजच्या लोकांच्या. वादळात मोडलेल्या वस्तीतली घरं पडद्यावर दिसतात, ती सेट लावून मोडलेली नाहीत.

राहिला तिसरा आक्षेप, की शेवटचा डग वेगळा. बरोबर आहे, वेगळाच आहे. आपण दीड-दोन तास ज्याच्यासोबत होतो तो बॉम्बच्या गाडीसकट नदीत जातो आणि तिथेच संपतो. पण सुरुवात आठवा. तिथे डग खिडकीतून क्लेअरला चार दिवस बघत होता, तिची सगळी माहिती त्याला, तिला मात्र त्याचं नावही ठाऊक नव्हतं. आता धक्क्यावर ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या क्लेअरला तो ठाऊक आहे आणि चौकशीला आलेल्या या डगला ती कोण हे माहीत नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायचीय पण समोरचा विश्वास ठेवणार नाही, तर काय करशील, असं मघाशी त्याने तिला विचारलं होतं. आता तेच ती त्याला विचारते, आणि तिने दिलेलं उत्तर तो तिला देतो: सांगून बघेन.