टायटन, ट्रिएस्ट आणि तडकलेली काच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला, दुसऱ्या वाचनात निम्मी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. टायटॅनिकच्या अवशेषांपर्यंत प्रवासी नेणारी टायटन पाणबुडी २०२३ मध्ये समुद्रात चिरडली गेली. तिच्यावरच्या लेखात मी ती बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांना बेपर्वा म्हटलं आणि १९६० साली ट्रिएस्ट या पाणबुडीतून चॅलेंजर डीपचा, म्हणजे समुद्रातल्या सर्वांत खोल जागेचा, तळ गाठणाऱ्या पिकार-वॉल्श जोडीचं कौतुक केलं. तुमचं म्हणणं असं, की ट्रिएस्टचीही काच वाटेत तडकली होती, तरी ते खाली गेलेच. मग परत आले ते वीर आणि मेले ते मूर्ख, हा कुठला न्याय? शिवाय, घरात बसून अक्कल शिकवणाऱ्यांचं ऐकलं तर आपलं समुद्रयान, म्हणजे माणसांना खोल समुद्रात नेण्याची भारताची मोहीम, बंदराबाहेरसुद्धा पडणार नाही.

आधी माझी चूक. व्हिडिओ गेमच्या रिमोटवर पाणबुडी चालवतात म्हणून मी जी खिल्ली उडवली, ती उगाच होती. अमेरिकन नौदलाच्या नव्या पाणबुड्यांवर पेरिस्कोपचं काम करणारा कॅमेरा असल्याच रिमोटने फिरवतात. त्या रिमोटमुळे टायटनमधलं कोणी मेलेलं नाही. ते वाक्य काढून टाकतो.

आता काच. तुमचा मुद्दा खरा आहे. नऊ हजार मीटरच्या खाली धाड्कन आवाज झाला, सगळा गोळा हादरला, आणि कसला आवाज ते न कळताच दोघं पुढे गेले. इथे नशीब होतं, मान्य. पण तडकलेली काच माणसं बसली होती त्या पोलादी गोळ्याची नव्हती. गोळ्यात उतरण्यासाठी जो उभा बोगदा होता, त्याची होती. बुडी मारताना त्या बोगद्यात समुद्राचं पाणीच भरलेलं असतं, त्यामुळे काचेच्या दोन्ही अंगांना दाब सारखाच. खरी पंचाईत वर आल्यावर झाली असती, कारण बोगद्यातलं पाणी बाहेर ढकलता आलं नाही तर आतली माणसं अडकली. तळाशी पोचल्यावर त्यांना तडा दिसला आणि वीसेक मिनिटांत त्यांनी परतीची वाट धरली. पुन्हा ट्रिएस्ट कधी तिथे उतरली नाही.

एक गंमत सांगतो. ट्रिएस्टच्या गोळ्याची भिंत १२.७ सेंटिमीटर जाड होती. टायटनमध्ये माणसं बसायची त्या नळकांड्याचीही जवळपास तेवढीच, पाच इंच. पण ट्रिएस्टचं पोलाद होतं आणि आकार गोल, म्हणजे दाब सगळीकडून सारखा. टायटनचं कार्बन फायबर. हा धागा ओढायला फार चिवट, पण दोरीने ओढता येतं, ढकलता येतं का? ३,८०० मीटरवर समुद्र प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, जवळजवळ चारशे किलोंचा भार टाकतो. असा भार घेऊन सोडला, घेऊन सोडला, की फायबरचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. आमच्या कोकणातल्या घरी न्हाणीघराला प्लायवूडचं दार होतं. चार पावसाळे उत्तम गेले, पाचव्याला त्याचे पापुद्रे सुटले. बाहेरून रंग तसाच तुकतुकीत. दार बडवलं की मात्र भद्द आवाज यायचा.

टायटननेही आवाज दिला होता, आणि माझा राग आहे तो यावर. भिंतीला ध्वनी टिपणारे संवेदक बसवले होते. काही बिघडलं तर आधीच कळेल, हाच कंपनीचा दावा. जुलै २०२२ मध्ये टायटॅनिकवरून वर येताना मोठा धमाका ऐकू आला. त्यानंतर भिंतीवरच्या ताणाचे आकडे बदललेले दिसतात, नोंदी आहेत. तरी बुड्या चालूच राहिल्या, आणि हिवाळ्यात ती कॅनडातल्या सेंट जॉन्सला थंडीवाऱ्यात उघड्यावर ठेवली. त्याच्या चार वर्षं आधी स्वतःच्याच कामकाज प्रमुखाने भिंतीबद्दल लेखी शंका काढली, तर त्याला घरी पाठवलं. १८ जून २०२३ ला पाच जण गेले. त्यात १९ वर्षांचा एक मुलगा, वडिलांबरोबर आलेला. ट्रिएस्टमध्ये बसले होते ते तिच्या जनकाचा मुलगा आणि नौदलाचा अधिकारी. तिकीट काढून आलेलं कोणी नव्हतं. रश स्वतःही आत होते, हे तुम्ही लिहिलंत. खरं आहे, माणूस भित्रा नव्हता. पण स्वतःचा जीव पणाला लावला म्हणून दुसऱ्याच्या पोराचा लावायची मुभा मिळत नाही.

समुद्रयानाची काळजी करू नका. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये आधी साध्या पोलादाचा गोळा बंगालच्या उपसागरात सहाशे मीटरपर्यंत सोडून पाहिला. मत्स्य ६००० या समुद्रयानाच्या पाणबुडीचा टायटॅनियमचा गोळा त्यानंतरचा, ८० मिलिमीटर जाडीचा. २०२५ च्या सुरुवातीला तिची पाण्यातली चाचणी झाली ती कट्टुपल्ली बंदराच्या आत. तुम्हाला हे रडतखडत वाटेल, मला तर ऐकूनच बरं वाटतं.

शेवटी तुम्ही खोचकपणे विचारलंत, “तुम्ही स्वतः तरी उतराल का?” अमेरिकेची अल्विन ही खोल समुद्रात उतरणारी पाणबुडी १९६४ पासून बुड्या मारते आहे. दर काही वर्षांनी तिचा नट-बोल्टपर्यंत सांगाडा सुटा करून तपासतात. १९६८ मध्ये ती पाण्यात सोडताना दोर तुटून बुडाली, तिघे कसेबसे बाहेर पडले आणि त्यांचा डबा आतच राहिला. दहा महिन्यांनी वर काढली तर सँडविच भिजलेलं, पण खाण्याजोगं. तिच्यात जागा मिळाली तर उद्या निघतो. डबा तेवढा घरून नेईन.