पाण्याच्या बिलाबाबत आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय भाऊ, सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायतीसाठी पाण्याचे मीटर वाचून बिले वाटणाऱ्या आमच्या एजन्सीला ऑनलाइन अभिप्रायात एक तारा देऊन आपण लिहिले आहे की, मागचे बिल 340 रुपये होते ते या वेळी एकदम 1,160 रुपये आले, पाणी एक दिवसाआड आणि तेही रात्री-बेरात्री सोडले जाते, बिल शेवटच्या तारखेच्या तोंडावर हातात पडते आणि मुळात आमची माणसे मीटर न पाहता घरी बसून आकडे टाकतात. कापसाचा चुकारा अजून पुरता हाती न आलेल्या दिवसांत असे बिल घरात आले आणि आपल्याला मनस्ताप झाला, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

पाण्याच्या वेळेबद्दल आणि बिल वाटपाबद्दल आपले म्हणणे मी ऐकून घेतो. परंतु ‘घरी बसून आकडे टाकतात’ हे वाक्य मला तसेच सोडून देता येत नाही. मीटर वाचणारी मुले आपल्याच गावची आहेत, दारोदार पायी फिरतात, आणि हे वाक्य त्यांच्या घरच्यांनीही मोबाइलवर वाचले आहे. म्हणून आपल्या बिलाचा हिशेब येथेच, सर्वांसमोर, सविस्तर मांडतो.

सप्टेंबरअखेर आपल्या मीटरचे वाचन 412 होते. त्यानंतरचे वाचन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायचे होते, परंतु आमचा मुलगा दारात आला तेव्हा फाटकाला कुलूप होते. वेचणीचे दिवस, मजूर मिळत नाहीत, घरची सगळीच माणसे उजाडताच शेतात जातात, यात आपला काहीच दोष नाही. मात्र आपला मीटर अंगणाच्या आत असल्यामुळे रस्त्यावरून दिसत नाही आणि परक्याच्या फाटकावरून उडी मारून आत जाण्याची परवानगी मी माझ्या माणसांना कधीही देणार नाही. अशा वेळी मागील बिलांच्या सरासरीने आकारणी करावी, असे ग्रामपंचायतीने आमच्याशी केलेल्या करारनाम्यात लिहिलेले आहे. त्याप्रमाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी 17 युनिट (एक युनिट म्हणजे 1,000 लिटर) धरले, बिलावर वाचनाच्या रकान्यात ‘सरासरी’ असे छापले आणि घर बंद असल्याची पिवळी चिठ्ठी फाटकाला लावली. मीटरचा फोटो पाठवल्यास बिल दुरुस्त करून मिळेल, असेही त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. आपण ते 340 रुपये वेळेत भरले, याबद्दल आपले आभारच मानतो. पण तो आकडा मीटरचा नव्हता, अंदाजाचा होता, आणि आपण तुलना मात्र त्याच आकड्याशी केली आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला घरी माणसे भेटली. मीटरच्या काचेवर चिखलाचे शिंतोडे वाळून बसले होते. मुलाने ते ओल्या फडक्याने पुसले आणि मग फोटो काढला. त्या फोटोत काळे आकडे स्वच्छ 487 असे दिसतात. 487 मधून 412 वजा केले की 75 उरतात. त्यांतले 17 आपण आधीच भरलेले असल्याने 58 युनिट राहिले, आणि ग्रामसभेत ठरलेल्या 20 रुपये प्रति युनिट दराने त्याचे 1,160 रुपये झाले. म्हणजे हे 58 युनिट केवळ दोन महिन्यांचे नाहीत. चार महिन्यांचा खरा वापर मोजून त्यातून सरासरीचे बिल वळते केल्यावर उरलेला तो आकडा आहे.

आता आपण म्हणाल की चार महिन्यांचे असले तरी 75 युनिट एवढे पाणी गेले कुठे. हा प्रश्न रास्त आहे आणि तो मलाही पडला. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने दोन महिन्यांत 16,500 लिटर, म्हणजे साधारण 17 युनिट लागतात, आणि आपली जुनी बिले याच्या आसपासच आहेत. मग चार महिन्यांत 34 युनिट व्हायला हवे होते, झाले 75. वरचे 41 युनिट कुठून आले, हे येथे लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. परंतु आपण आमच्याबद्दल उघड लिहिले आहे, म्हणून पूर्ण आदर राखून लिहितो. मीटरच्या त्याच फोटोत मागे अंगणातला नळ दिसतो. त्याला तोटी नाही. त्याच्या तोंडाला प्लास्टिकचा पाइप जोडून तो ढोरांच्या हौदात सोडलेला आहे आणि हौदाच्या कडेवरून पाणी नालीकडे वाहत आहे.

आपल्या ओळीत पाण्याला दाब चांगला आहे. 15 लिटरची बादली दोन मिनिटांत भरते. पाणी दोन तास सुरू असते. घरचे पाणी अर्ध्या तासात भरून झाले असे धरले, तरी उरलेल्या 90 मिनिटांत त्या उघड्या नळातून 675 लिटर पाणी जाते. एक दिवसाआडच्या पुरवठ्यात चार महिन्यांत साठेक पाळ्या होतात, आणि 675 लिटरच्या साठ पाळ्या म्हणजे 40,500 लिटर, साडेचाळीस युनिट. तोटी केव्हापासून नाही हे आपणच जाणता. मी फक्त मीटरचा आकडा आणि बादलीचा हिशेब शेजारी-शेजारी ठेवला आहे.

आपले गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. गोड पाणी धरणातून प्रादेशिक योजनेच्या जलवाहिनीने येते, गावाच्या वेशीवरच्या मोठ्या मीटरमध्ये मोजले जाते आणि ते कोणी प्यायले किंवा नालीत गेले तरी त्याचे पैसे ग्रामपंचायतीला भरावेच लागतात. टोकाच्या वस्तीतल्या बाया नळाखाली घागर धरून बसतात तेव्हा त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते. त्यांच्या तक्रारी मी रोज ऐकतो.

आपण असेही सुचवले आहे की बिल फुगवण्यात आमचा फायदा आहे. आम्हाला प्रत्येक बिलामागे ठरावीक सेवाशुल्क मिळते, मग ते बिल 340 चे असो की 1,160 चे. वाढलेल्या युनिटांचा एक रुपयाही आमच्याकडे येत नाही. सर्व रक्कम ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या खात्यात जमा होते. दरही आम्ही ठरवत नाही. पाणीपट्टी बसवण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे ग्रामपंचायतीचा आहे आणि तिच्या ठरावाचा क्रमांक बिलाच्या मागे छापलेला असतो. आमचा करार दरवर्षी मार्चअखेर नव्याने होतो. त्या करारावर माझे घर आणि माझ्याकडे कामाला असलेल्या मुलांची घरे चालतात, आणि बैठकीत बसणारे सदस्य असे अभिप्राय वाचतात. आपण रागाच्या भरात एक ओळ लिहिली असेल, पण तिचा भार कोणावर पडतो हे आपल्याला कळावे, एवढ्यासाठी हे लिहिले.

रात्रीच्या पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. गावची टाकी वरून पाणी आले आणि वीज असली की भरते, आणि भरली की व्हॉल्व्हमन तिच्यात पाणी अडवून न ठेवता लगेच सोडतो, मग रात्रीचे अकरा वाजलेले का असेनात. तोही त्या वेळी जागाच असतो. पाणी सुटण्याआधी नळातून हवा येते आणि तिने मीटर फिरतो, अशी चर्चा गावात आहे. सुरुवातीला थोडा वेळ तसे होऊ शकते, हे खरे आहे. म्हणून ओळीवर एअर व्हॉल्व्ह बसवण्याची विनंती आम्ही ग्रामपंचायतीला केली आहे. परंतु 41 युनिटांचा फरक हवेने पडत नाही. बिले यापुढे लवकर वाटण्याचा प्रयत्न राहील आणि कुलूप असलेल्या घरांना शक्यतो फोनही करू.

आपल्याला मीटरवरच शंका असेल तर तीही दूर करू. पाण्याच्या दिवशी आपल्यासमोर 200 लिटरचा रिकामा ड्रम काठोकाठ भरू. मीटर बरोबर असेल तर पहिला लाल आकडा, म्हणजे शंभर-शंभर लिटर मोजणारा, दोन घरे पुढे सरकेल. तो जास्त सरकला तर मीटर बदलणे आणि बिल कमी करणे यासाठीचा अर्ज मी स्वतः लिहून ग्रामपंचायतीत नेऊन देईन. रक्कम एकदम भरणे जड जात असेल तर दोन हप्त्यांसाठी सचिवांकडे शब्द टाकतो. नळाला तोटी मात्र आजच बसवून घ्यावी. प्लंबर मिळत नसेल तर आमचा मुलगा येऊन बसवून देईल, त्याची मजुरी घेणार नाही.

एक तारा आपल्याला ठेवायचा असेल तर अवश्य ठेवा, तो आपला अधिकार आहे. घरी बसून आकडे टाकण्याचे ते वाक्य तेवढे, मीटरचा फोटो पाहिल्यानंतर, काढून टाकावे अशी विनंती आहे. फोटो तारखेसह आमच्या कार्यालयात आहे. सकाळी दहा ते एक या वेळेत केव्हाही यावे.

आपला,
एजन्सी चालक