‘करार न करताच निघायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांना

ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा, विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: ‘ब्रिटनने करारबिरार न करता सरळ बाहेर पडायला हवं होतं. जनतेने तेच मागितलं होतं, संघाला देणं असलेले ३९ अब्ज पाउंड वाचले असते आणि वाद एका दिवसात मिटला असता.’

जनतेपासून सुरुवात करू. २३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर राहायचं की निघायचं, एवढंच विचारलं होतं. कसं निघायचं याचा उल्लेखही नव्हता. ५१.९ टक्के लोक ‘निघा’ म्हणाले. त्यातल्या किती जणांना विनाकरार निघणं चाललं असतं, हे छातीठोकपणे कोण सांगणार? संसदेचं मत मात्र मोजलेलं आहे. १३ मार्च २०१९ रोजी तिने विनाकरार निघणं ३२१ विरुद्ध २७८ मतांनी नाकारलं.

पैशांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. युरोपीय कायद्याने ही रक्कम वसूल करता येणार नाही, असं ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनेच २०१७ मध्ये म्हटलं होतं. पण हात झटकले तर राजकीय परिणाम गंभीर होतील, हेही तिनेच बजावलं होतं. ते वाक्य फॉरवर्ड करताना गळतं.

‘वाद मिटला असता’ हे सगळ्यात पोकळ. संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष युंकर यांनी एप्रिल २०१९ मध्येच सांगून टाकलं होतं: नागरिकांचे हक्क, देणी आणि आयर्लंडची सीमा हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत. म्हणजे तावातावाने उठून जायचं आणि गरजू होऊन त्याच टेबलाशी परतायचं.

त्यातही आयर्लंड. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, उरलेला आयर्लंड युरोपीय संघातला वेगळा देश; मधे सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, दोनशेहून जास्त रस्ते. उत्तरेकडचं जवळपास एक तृतीयांश दूध टँकरने सीमेपलीकडच्या डेअऱ्यांत जातं. करार नाही म्हटल्यावर तोच टँकर परक्या देशाचा माल ठरतो: जकात आणि तपासणी. तपासणी आली की चौकी आली, आणि बंदूकधारी चौक्या काय असतात हे तिथल्या लोकांनी तिथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारापूर्वी भोगलंय. शिवाय उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी ‘राहा’ म्हटलं होतं, आणि तिथलं स्थानिक सरकार जानेवारी २०१७ पासून ठप्प होतं. निर्णय लंडनचा, झळ त्यांना!

‘मग व्यापाराला अमेरिका होतीच की.’ होती ना. पण व्यापार करार मंजूर करते काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, आणि शांतता कराराला धक्का लागला तर ब्रिटनशी करार विसरा, असं तिच्या कनिष्ठ सभागृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी २०१९ मध्येच ठणकावलं होतं.