एमजीबीचे हब, लांब झालेले ब्रेक पेडल आणि पुढच्या चाकातला प्ले : आपल्या अभिप्रायास उत्तर

स. न. वि. वि.

आपल्या १९७२ सालच्या एमजीबी रोडस्टरवर (उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवर) आमच्या पुण्यातील कार्यशाळेत झालेल्या कामाबद्दल आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. सहा आठवड्यांचे काम पंधरा आठवडे चालले, बिल ठरल्यापेक्षा वाढले, नवे ब्रेक बसवूनही पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते, आणि पुढच्या चाकांत प्ले (ढिलेपणा) ठेवूनच गाडी ताब्यात दिली, अशा आपल्या चार तक्रारी आहेत. शेवटच्या दोन गोष्टी दुसऱ्या एका गॅरेजने अर्ध्या तासात दुरुस्त करून दिल्या, असेही आपण लिहिले आहे. पहिल्या दोन तक्रारींत दोष आमचा आहे. तिसरीत तो अर्धा आमचा आहे. चौथीबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो आता माझ्या प्रतिष्ठेपेक्षा आपल्या सुरक्षिततेचा प्रश्न झाला आहे.

आपली गाडी आली तेव्हा सायकलसारख्या तारांच्या चाकांवर होती आणि रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना मागून ‘टक्’ असा आवाज येत होता. चारही हबच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागांच्या) स्प्लाइन, म्हणजे चाक पकडणाऱ्या खाचा, झिजून धारदार झाल्या होत्या आणि त्यांवर तांबूस भुकटी साचली होती. अशा हबवर नवी चाके किंवा नव्या हबवर ती जुनी चाके बसवली, तर झिजलेला भाग नव्याला काही महिन्यांत खाऊन टाकतो, म्हणून दोन्ही एकदमच बदलावे लागतात. शिवाय इंजिन १९५० सीसीपर्यंत बोअर केलेले (सिलिंडर रुंद केलेले) आणि गिअरबॉक्स पाच गिअरचा, त्यामुळे आपण स्वतःच तारांचा नाद सोडून चार बोल्टचे हब, अलॉय चाके आणि पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग) असा निर्णय घेतलात. तो निर्णय योग्य होता असे माझे आजही मत आहे, जरी तारांच्या चाकांवरची एमजीबी अधिक देखणी दिसते हे मलाही मान्य आहे.

उशीर कुठे झाला, तर मागच्या ॲक्सलपाशी. जुन्या बिलांवरून ही गाडी कारखान्यातून पत्र्याच्या चाकांवर बाहेर पडली आणि तारांची चाके नंतर कुणी हौसेने बसवली, असे दिसत होते. त्यावरून ॲक्सलही मूळचाच असेल असे मी गृहीत धरले आणि त्या हिशेबाने आपल्याला मुदत व खर्च सांगितला. स्प्लाइनचा हब चाकाला बाहेर ढकलतो, म्हणून तारांच्या चाकांच्या एमजीबीला कारखानाच कमी रुंदीचा ॲक्सल देत असे. आधीच्या मालकाने हा अरुंद ॲक्सलसुद्धा घातला होता, हे गाडी खोलल्यावर कळले. त्यावर बोल्टचे हब बसतात, पण मागची चाके मडगार्डच्या आत शिरतात आणि गाडी मागून आखडल्यासारखी दिसते. हब आणि चाक यांच्यामध्ये जाड स्पेसर घालून चाके बाहेर काढता आली असती आणि गाडी ठरल्या वेळेत आपल्या दारात उभी राहिली असती. परंतु वाढवलेल्या ताकदीच्या गाडीत हबवर तसला भार टाकण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून रुंद ॲक्सल इंग्लंडहून मागवला आणि त्याच्या प्रवासात व कस्टममध्ये नऊ आठवडे गेले. ॲक्सलच्या खर्चाला आपण फोनवर होकार दिला होता, हे खरे आहे. पण पहिल्याच दिवशी गाडी उचलून ॲक्सलला मोजण्याचा टेप लावला असता तर हे सगळे कामापूर्वीच कळले असते आणि आपल्याला लेखी देता आले असते. मागचा भाग दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरी आपल्याकडून घ्यायला नको होती. ती या आठवड्यात आपल्या खात्यात परत केली जाईल.

आता पेडलविषयी. नव्या चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ जुन्या दोन पिस्टनांपेक्षा जास्त आहे, पण ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर आपल्या सांगण्यावरून मूळचाच ठेवला आहे. त्यामुळे पॅड डिस्कला टेकवण्यासाठी जास्त ऑइल सरकावे लागते आणि पेडल थोडे अधिक खाली जाते. त्या बदल्यात तेवढ्याच ब्रेकसाठी पायाचा जोर कमी लागतो. ही गोष्ट मी आपल्याला गाडी देताना सांगितली होती, परंतु सांगितलेले आणि समजलेले यांत अंतर राहिले असेल तर ते भरून काढणे माझे काम होते.

मात्र पसरणी घाट उतरताना पेडल आपल्याला जेवढे खोल गेल्यासारखे वाटले, तेवढे या कारणाने जात नाही. त्याचे मूळ मागच्या ड्रममध्ये असावे. आम्ही मागे शूवर (ड्रमला आतून दाबणाऱ्या भागावर) नवे लायनर, म्हणजे घर्षणाचे अस्तर, बसवले होते. नवे लायनर ड्रमच्या गोलाईत बसेपर्यंत उंचवट्यांवर झिजतात, शू आणि ड्रममधले अंतर वाढते, आणि ते अंतर आपोआप भरून काढण्याची सोय एमजीबीत नाही. बॅकप्लेटवरचा (ड्रममागच्या पत्र्यावरचा) चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर हाताने फिरवावा लागतो. चाक जाम होईपर्यंत तो आवळायचा आणि चाक मोकळे फिरेल इतकाच मागे सोडायचा. त्यासाठीच पाचशे किलोमीटरनंतर गाडी दाखवायला आणा, असे आम्ही बिलाच्या मागे लिहिले होते. आपण त्याआधीच महाबळेश्वरला गेलात आणि परत आल्यावर जवळच्या गॅरेजमध्ये गेलात. तेथील मेकॅनिकने ॲडजस्टर आवळून पेडल वर आणले असेल, तर त्याने अगदी योग्य तेच केले. दहा मिनिटांचेच काम आहे ते. बिलाच्या मागची बारीक अक्षरे कोणी वाचत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवे होते. यापुढे ती सूचना स्टिअरिंगला टॅग बांधून देऊ.

माझी खरी काळजी आपल्या अभिप्रायातील या वाक्याने वाढवली: ‘पुढच्या चाकांतला प्ले त्यांनी नट टाइट करून पूर्ण काढून दिला.’ एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये केवळ नट आवळून असे होऊ शकत नाही. आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्यांत टेपर बेअरिंगचा नट आवळून किंचित मागे सोडतात आणि प्ले तिथेच ठरतो. एमजीबीत दोन बेअरिंगच्या मध्ये एक पोलादी नळी, म्हणजे स्पेसर असतो, आणि त्याच्या व बाहेरच्या बेअरिंगच्या मध्ये पातळ शिम (चकत्या) असतात. नट ४० ते ७० फूट-पौंडांनी आवळून दोन्ही बेअरिंगचे आतले रेस (कडी), स्पेसर आणि शिम एकमेकांवर घट्ट दाबले जातात. प्ले किती राहील हे फक्त शिमच्या जाडीवर ठरते. कारखान्याने तो ०.००२ ते ०.००४ इंच सांगितला आहे. आपल्या गाडीत डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे मापक) लावून दोन्ही बाजूंना ०.००३ इंच ठेवला होता. त्याची नोंद जॉबकार्डावर आहे. हबवर एवढासा असलेला प्ले टायर वरून-खालून धरून हलवला की हाताला सहज जाणवतो, आणि ज्याने ही गाडी पूर्वी खोललेली नाही त्याला तो दोष वाटणे स्वाभाविक आहे. त्या मेकॅनिकवर माझा राग नाही.

परंतु तो प्ले पूर्ण गेला असेल तर एकतर शिम काढल्या गेल्या आहेत किंवा स्पेसरच बाहेर ठेवला गेला आहे. शिम काढल्या असतील तर बेअरिंग दाबाखाली फिरत आहे. ते तापेल, त्याचे ग्रीस पातळ होऊन बाहेर येईल आणि शेवटी बेअरिंग जळेल. स्पेसर नसेल तर गोष्ट याहून गंभीर आहे, कारण स्टब ॲक्सलला (पुढचे चाक ज्यावर फिरते त्या आखूड दांड्याला) वळणांवर लागणारा ताठपणा त्या नळीमुळे मिळतो आणि ती काढल्यावर ॲक्सल प्रत्येक वळणाला थोडा वाकतो. वाढवलेले इंजिन, रुंद टायर आणि आता पूर्वीपेक्षा जोरात पकडणारे ब्रेक, हे सगळे त्याच एका दांड्यावर येते. शक्यता आणखी एक आहे: प्ले बेअरिंगचा नसून किंगपिनचा (स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या उभ्या खिळीचा) असेल. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून चाक हलवले आणि प्ले तसाच राहिला, तर तो किंगपिनचा समजावा. ही परीक्षा आपण घरीही करू शकता.

म्हणून माझी विनंती आहे की तपासणी होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये. सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न वापरता, आठ-दहा किलोमीटर चालवून पुढच्या दोन्ही हबच्या मध्यभागी हात ठेवून पाहावा. कोमट लागले तर हरकत नाही. हात ठेववत नसेल किंवा एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम असेल, तर गाडी तिथेच उभी करून आम्हाला कळवावे, आम्ही ट्रक पाठवून ती उचलून आणू. हब थंड असले तरीही पुढच्या आठवड्यात कोणत्याही दिवशी गाडी आणावी. दोन्ही हब आपल्यासमोर खोलू, स्पेसर आणि शिम जागेवर आहेत का ते पाहू, नसतील तर नवे घालून गेज लावून दाखवू, आणि मागचे ॲडजस्टरही पुन्हा तपासू. या कामाचे पैसे घेतले जाणार नाहीत. आपण ज्यांच्याकडे गेला होतात त्या मेकॅनिकनाही सोबत आणल्यास मला आनंद होईल, कारण त्यांनी नेमके काय काढले आणि काय ठेवले हे त्यांनाच ठाऊक आहे.

पेडल तरीही आपल्याला लांब वाटले, तर जास्त बोअरचा मास्टर सिलिंडर बसवता येईल. त्याने पेडल वर येईल आणि पायाला जोर अधिक लागेल, हे मात्र आधी लेखी देईन आणि मगच पाना हातात घेईन.

आपला नम्र,
कार्यशाळा चालक