इकडे बघू नका

यच्चयावत शिक्षकांचा जन्म 'इकडे बघा, खिडकीबाहेर बघू नका' असे ओरडण्यात जातो. माझा मात्र 'इकडे बघू नका' असे ओरडण्यात चालला आहे. धुळे-अमळनेर पट्ट्यातील एका कम्युनिटी कॉलेजात मी वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन शिकवतो. हा विषयच असा आहे की जे शिकवायचे ते उघड्या डोळ्यांनी पाहायचे नसते, आणि काळ्या काचेतून पाहिले तर त्याखेरीज दुसरे काहीच दिसत नाही. मी वेल्डिंगचा रॉड, म्हणजे कांडी, पकडणारा होल्डर हातात घेऊन टेबलाशी वाकतो, भोवतीची मुले चेहऱ्यापुढे स्क्रीन धरतात, आणि आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेट यांच्यामधला विजेचा लखलखाट, पेटेपर्यंत आम्ही सगळे भर दुपारी मिट्ट काळोखात उभे असतो. मग त्या काळोखात एक हिरवट ठिपका हळूहळू सरकू लागतो. तो ठिपका म्हणजे माझे अध्यापन.

त्या ठिपक्यात पाहण्यासारखे खरे तर पुष्कळ असते. रॉडच्या टोकाखाली वितळलेल्या लोखंडाचे लहानसे डबके असते, त्याच्या मागे स्लॅगची, म्हणजे वितळलेल्या मळीची, कड सरकत असते, आणि रॉड व प्लेट यांच्यात साधारण रॉडच्याच जाडीइतके अंतर राखावे लागते. हे सारे मी तन्मयतेने सांगत असताना मागून कोणीतरी विचारतो, "सर, डबकं कोठे शे?" त्यामुळे अलीकडे मी डोळ्यांचा नाद सोडून कानांवर भर दिला आहे. अंतर बरोबर असेल तर कढईत भजी तळल्यासारखा एकसुरी आवाज येतो. तो फटफटू लागला की अंतर वाढले, आणि एकाएकी बंद पडला की कांडी चिकटली. चिकटलेली कांडी मनगटाला हिसका देऊन सोडवायची असते, आणि नच सुटली तर होल्डरचा जबडा उघडून मोकळे व्हायचे असते. नवखा मुलगा यांपैकी काहीही करत नाही. तो "सर, चिटकी गयी!" असे ओरडत कांडी, प्लेट आणि जमल्यास टेबलसुद्धा आपल्याकडे ओढू लागतो, आणि तोवर कांडी मुळापासून शेंड्यापर्यंत लाल झालेली असते.

मापांचा घोळ निराळाच आहे. अभ्यासक्रमात ज्या रॉडला 3.15 मिलिमीटर म्हणतात त्याला दुकानदार दहा नंबर म्हणतो, आणि गावातल्या वर्कशॉपमधून आलेली मुले सगळे जग सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे हिशेब जवळपास तोच. पण हे फळ्यावर सिद्ध करून दाखवेपर्यंत तास संपतो.

या वर्कशॉपवाल्या मुलांचा मला सर्वांत जास्त धाक वाटतो. त्यांतला एकजण टाका मारताना, म्हणजे तुकडे जागेवर धरण्यापुरता छोटा जोड देताना, स्क्रीन धरतच नाही. निशाण साधून झाले की तो सरळ डोळे मिटतो. विचारले तर म्हणतो, "सर, बाप बी असंच करस." मी त्याला पापणीची जाडी, अतिनील किरण आणि बुबुळ यांवर सविस्तर व्याख्यान दिले. त्याने ते नम्रपणे ऐकून घेतले आणि पुन्हा डोळे मिटून असा टाका मारला की जॉब गुण्यात, म्हणजे काटकोनात, तंतोतंत बसला. शेजारी नियमानुसार स्क्रीन, ॲप्रन आणि हातमोजे घातलेल्या मुलाची रेघ मात्र प्लेट सोडून टेबलावर गेली होती. अशा वेळी शास्त्राची बाजू मांडणे फार जड जाते.

शास्त्र आपली बाजू रात्री मांडते. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्या क्षणी काहीच होत नाही; काही तास उलटल्यावर डोळे चुरचुरू लागतात, म्हणजे नेमके मी झोपल्यावर. मग फोन येतो, "सर, पोऱ्या रडी ऱ्हायना, डोयामा रेती गयी म्हनस." गार पाण्याच्या घड्या ठेवा, डोळे चोळू देऊ नका, सकाळी डॉक्टरांना दाखवा, असे मी सांगतो, पण तोवर पलीकडे बटाट्याच्या चकत्या कापून झालेल्या असतात. एक-दोन दिवसांत डोळे आपोआप बरे होतात आणि सगळे श्रेय बटाट्याला जाते.

उन्हाळ्यात तर विचारूच नका. आर्कचे तापमान पाच-सहा हजार अंश असते हे मुलांना ऐकवले, तर ती बाहेरच्या पंचेचाळीस अंशांकडे बोट दाखवतात. अंगावर चामड्याचा ॲप्रन, त्याखाली सुती शर्ट सक्तीचा, कारण टेरिलिनवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटते. कापूस पिकवणाऱ्या घरांतली ही मुले आणि एकाच्याही अंगावर सुती कापड नसते. त्यातून जोडावर कार्बन डायऑक्साइड वायू सोडत करायचे सीओटू वेल्डिंग असेल तर पंखाही बंद ठेवावा लागतो, कारण वाऱ्याने वायू उडून जातो आणि जोड छिद्राछिद्रांचा होतो. मे महिन्यात खान्देशात स्वतःच्या हाताने पंखा बंद करणारा मास्तर किती लोकप्रिय असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

अशाच दिवसांत एक समिती तपासणीला आली. मी प्रत्येक सदस्यापुढे अदबीने स्क्रीन धरली. अध्यक्षांनी ती बाजूला सारली आणि म्हणाले, "राहू द्या हो सर, असली कामे आम्ही खूप पाहिली आहेत." अध्यक्षांनी नाकारल्यावर बाकीच्यांना ती घेणे प्रशस्त वाटेना. मी "साहेब, इकडे बघू नका" असे विनवत असतानाच मुलाने आर्क धरला. समितीने तो मान वेळावून, नीट निरखून पाहिला, आणि मग सगळे जण डोळे मिचकावत, एकमेकांच्या खांद्याला धरून बाहेर पडले. महिन्याभराने अहवाल आला. कार्यशाळेत प्रकाशव्यवस्था अत्यंत अपुरी असून समोरच्या व्यक्तीचा चेहराही नीट दिसत नाही, असा त्यात शेरा होता. त्या शेऱ्यावर तातडीने चार ट्यूबलाइट मंजूर झाल्या. धूर ओढणाऱ्या पंख्याचा माझा अर्ज मात्र अद्याप विचाराधीन आहे.